बागेतली आगगाडी: इंजिन सर्वांत शेवटी घ्या

माझी पहिली खरेदी उलट्या क्रमाने झाली. मी जर्मनीत एर्लांगेनला राहतो, न्यूरेंबर्गच्या शेजारी. इथे आसपासच्या गावांत रविवारी जुन्या मॉडेल रेल्वेचे बाजार भरतात. शाळेच्या क्रीडागृहात लांबलचक टेबलं, त्यावर बूट-चपलांच्या खोक्यांत भरलेले डबे आणि पलीकडे थर्मासमधून कॉफी पीत बसलेले आजोबा. अशाच एका बाजारात मला एक अमेरिकन डिझेल इंजिन दिसलं. सहा धुरांचं (म्हणजे चाकांच्या सहा जोड्यांचं), पाऊण मीटरच्या जवळपास लांब, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. आजोबांनी भाव थोडा सोडला आणि मी ते लहान मुलासारखं कुशीत धरून घरी आणलं.

घरी मुलाला वाढदिवसाला मिळालेलं रुळांचं छोटं वर्तुळ होतं. त्यावर ते इंजिन नीट उभंसुद्धा राहिना, पहिल्याच वळणाला पुढची चाकं खाली उतरली. मग सरळ रुळावर ठेवून जुन्या लहान गाडीचा ट्रान्सफॉर्मर जोडला. दिवे मिणमिणले, आतून घुर्रर्र आवाज आला आणि ट्रान्सफॉर्मरने आपणहून मान टाकली. बायको म्हणाली, "शोकेससाठी आणलंयस का?" पुढचे आठ महिने ते खरोखर शोकेसमध्येच होतं.

म्हणून मोठ्या मापाची गाडी घ्यायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी क्रम उलटा सांगतो. आधी जागा आणि वळण, मग वीज कुठून येणार ते, आणि सर्वांत शेवटी इंजिन. दुकानात आणि यूट्यूबवर नेमकं याच्या उलट चालतं, कारण जीव इंजिनावर जडतो. तो जडू द्या, फक्त पाकीट खिशात ठेवा.

आधी 'जी' म्हणजे काय ते

'जी स्केल' या नावाखाली मोठ्या मापाचं जे विकलं जातं ते सगळं एका प्रमाणाचं नसतं. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: रुळांमधलं अंतर म्हणजे गेज, आणि खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते प्रमाण. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली 'लेमान ग्रोस बान', म्हणजेच एलजीबी, बाजारात आणली. रूळ घेतले ४५ मिलिमीटरचे आणि त्यावर मीटरगेजच्या गाड्या बसवल्या. १००० भागिले २२.५ केलं की ४४.४ येतात, म्हणून प्रमाण १:२२.५. हिशेब सरळ होता.

घोळ पुढे झाला. ४५ मिलिमीटरचे रूळ सगळ्यांना आवडले आणि ज्याने त्याने आपापल्या गाड्या त्यावर बसवल्या. युरोप-अमेरिकेचं नेहमीचं १४३५ मिलिमीटरचं गेज त्यावर बसवायचं तर प्रमाण १:३२ येतं. त्याला 'गेज वन' म्हणतात. अमेरिकेत तीन फुटी नॅरोगेजसाठी १:२०.३ वापरतात, तेही गणितात चोख बसतं. काही अमेरिकन उत्पादकांनी मात्र मोठ्या रेल्वेसाठी १:२९ धरलं. ते कुठल्याच गणितात बसत नाही, पण इंजिन भारदस्त दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. माझं शोकेसवालं त्याच जातीचं.

नवख्यासाठी याचा अर्थ एवढाच की हे सगळं एकाच रुळावर धावेल, पण शेजारी शेजारी उभं केलं तर विजोड दिसेल. १:२०.३ च्या ड्रायव्हरचं डोकं १:३२ च्या डब्याच्या छपराला टेकतं. शिवाय गेज वनच्या नाजूक गाड्यांच्या चाकांची कड बारीक असते, ती एलजीबीच्या सांध्यांवर, म्हणजे रूळ बदलतो तिथे, अडखळते. जोडणीचे आकडेही वेगळे: जर्मन गाड्यांना आकडा आणि कडी, अमेरिकन गाड्यांना मुठीसारखा कपलर. म्हणून पहिल्या दोन वर्षांसाठी एक प्रमाण आणि एक कपलर ठरवा आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहा. माझी शिफारस १:२२.५, कारण त्यात जुना माल भरपूर मिळतो.

आपल्याकडच्या गाड्यांचं काय, हा प्रश्न मराठी माणूस पाचव्या मिनिटाला विचारतोच. अकोला-खंडव्याची मीटरगेज डोळ्यांसमोर असेल तर १:२२.५ अगदी बरोबर माप आहे. नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरची. तिच्यासाठी ब्रिटनमध्ये रुळलेलं 'सोळा मिलिमीटर' नावाचं माप जास्त जवळचं: एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणून दोन फुटांचे रूळ ३२ मिलिमीटरचे. ही वेगळी वाट आहे; तिथे गॅसवर चालणारी खरी वाफेची इंजिनंसुद्धा सर्रास दिसतात. ब्रॉडगेजचं मात्र कठीण. १६७६ मिलिमीटर ४५ वर आणायचे तर प्रमाण १:३७ च्या आसपास येतं आणि त्या मापात तयार बाजार नाही. डेक्कन क्वीन हवी असेल तर ती स्वतः घडवावी लागेल. ते काम पहिल्या वर्षाचं नाही.

दोरी, खुंटी आणि खडू

एलजीबीच्या सुरुवातीच्या संचातलं वळण आर-१. त्याची त्रिज्या ६० सेंटिमीटर, बारा तुकड्यांत वर्तुळ पूर्ण होतं. जागा लागते सुमारे दीड मीटर बाय दीड मीटर, कारण गाडीचं अंग रुळाबाहेर झुकतं. खोक्यावर लिहिलेलं असतं की अमुक इंजिन आर-१ वर चालतं, आणि ते खोटं नसतं. चालतं म्हणजे रूळ सोडत नाही, एवढंच. लांब डबे त्या वळणावर असे दिसतात की जणू बोळातून एसटी वळतेय. शिवाय मोटरवर ताण येतो, चाकांच्या कडा झिजतात आणि कपलर सुटतात.

जागेवर खुंटी ठोका, दोरीला खडू बांधा आणि १२० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून बघा. हे साधारण आर-३ चं माप. बसतंय का? बसत असेल तर तुमच्यापुढचे निम्मे प्रश्न सुटले, कारण यावर बहुतेक सगळं धावतं. बसत नसेल तर ६० वरच थांबा, पण मग दोन धुरांची छोटी इंजिनं आणि तोकडे डबेच घ्यायचे, हे मनाशी पक्कं करा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण बागेतल्या रेल्वेवाल्याने काढली असावी.

एक वळण डावीकडे आणि त्याला लागून लगेच दुसरं उजवीकडे, असं कधी करू नका. मध्ये निदान तुमच्या सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ ठेवा. तो नसला की एका डब्याचं टोक एकीकडे आणि दुसऱ्याचं दुसरीकडे ओढलं जातं, आणि गाडी घसरते ती बरोबर तिथेच. तुमचा शेजारी बघायला आलेला असतो तेव्हा तर हमखास.

चढाचं म्हणाल तर १० मीटरमध्ये २० सेंटिमीटर, म्हणजे ५० ला १, इतका ठेवला तर छोटं इंजिन चार-पाच डबे निमूट ओढतं. भोर घाटात चढ ३७ ला १ आहे आणि तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावावी लागतात, हे लक्षात ठेवलं की बागेत मोह आवरतो. माथेरानची गाडी २० ला १ चढते खरी, पण तिचे डबे मोजून बघा.

वीज कुठून येणार

घोडं पेंड खातं ते इथे. बहुतेक जण इंजिन घेऊन येतात आणि मग विचारतात, याला काय जोडू? हा निर्णय आधी घ्यायचा, कारण तो बदलायचा तर प्रत्येक इंजिन पुन्हा उघडावं लागतं. रस्ते तीन आहेत.

पहिला, साधा डीसी. रुळांत ० ते सुमारे २२-२४ व्होल्ट. बटण फिरवलं की व्होल्ट वाढतात, गाडी पळते. रुळांची धन-ऋण बाजू उलटी केली की गाडी मागे जाते. यात समजायला काहीच नाही. पाच वर्षांचं पोरही दोन मिनिटांत शिकतं, आणि जुन्या बाजारातलं जवळजवळ प्रत्येक इंजिन यावर चालतं. पण एका रुळावर दोन गाड्या ठेवल्या की दोन्ही एकाच वेळी हलतात. गाडी हळू केली की दिवे मंदावतात आणि थांबली की आवाज बंद. स्टेशनात उभं असलेलं इंजिन मुकं राहतं.

दुसरा, डिजिटल. इथे रुळांत सतत पूर्ण व्होल्ट असतात, साधारण १८ ते २२, आणि त्याच तारांतून हुकूमही जातात. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची छोटी पट्टी बसवलेली असते, तिला स्वतःचा पत्ता असतो. 'सात नंबर, पुढे चल' असा हुकूम सुटला की बाकीची ढिम्म उभी राहतात. या पद्धतीचं नाव डीसीसी. ती जर्मनीतल्या लेंझ कंपनीच्या कामातून आली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेने तिला सर्वांसाठी प्रमाण ठरवलं. त्यामुळे एका कंपनीचं केंद्र (हुकूम सोडणारी पेटी) आणि दुसऱ्या कंपनीचा डीकोडर एकमेकांशी बोलतात. उभ्या इंजिनाची शिट्टी वाजते, दिवे कायम उजळ राहतात, एकाच रुळावर चार गाड्या चालवता येतात. खर्च मात्र दोन ठिकाणी: एकदा केंद्रावर आणि मग प्रत्येक इंजिनावर.

तिसरा, बॅटरी आणि रेडिओ. रुळांत वीजच नाही. इंजिनात किंवा त्यामागच्या वाघिणीत लिथियम बॅटरी, रेडिओचा रिसीव्हर आणि हातात रिमोट. अमेरिकेत बागेत गाड्या चालवणाऱ्यांत हा प्रकार फार लोकप्रिय आहे. ते याला 'डेड रेल' म्हणतात. रूळ काळे पडोत, पानं पडोत, गोगलगाय आडवी येवो, गाडी चालते. शाळा-ऑफिसातून दमून आल्यावर रूळ घासत बसावं लागत नाही, हे सुख शब्दांत सांगता येत नाही.

या तिघांतला खरा फरक कळतो तो उलटफेराच्या फाट्यावर. समजा तुम्हाला गाडी टोकाला नेऊन गोल फिरवून त्याच रुळाने परत आणायची आहे. रुळांत वीज असेल तर त्या गोलात डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो आणि थेट शॉर्टसर्किट होतं. डिजिटलमध्ये त्यासाठी एक वेगळी पेटी मिळते जी आपोआप बाजू बदलते. साध्या डीसीत रूळ तोडून, डायोड लावून जुगाड करावा लागतो. बॅटरीच्या गाडीला यातलं काही ठाऊकच नसतं, ती फिरून परत येते. मी कुणाच्याही कागदावरचा आराखडा पाहिला की आधी असा फेरा शोधतो.

माझं मत विचाराल तर असं. झाडांखालची बाग, एक-दोन गाड्या आणि हातात थोडी डागकामाची (सोल्डरिंगची) सवय असेल तर सरळ बॅटरी. घरातली खोली किंवा झाकलेली गच्ची, आणि चार-सहा गाड्यांचं स्टेशन उभारायचं स्वप्न असेल तर डिजिटल. काहीच ठरत नसेल तर साधा डीसी ट्रान्सफॉर्मर घ्या आणि असं नवं इंजिन घ्या ज्याच्या आत डीकोडर आहे पण जे डीसीवरही चालतं. एलजीबीच्या अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत ही सोय असते. डीसीवर अशा इंजिनाचं बटण थोडं फिरवेपर्यंत काहीच घडत नाही, कारण आधी डीकोडर जागा व्हावा लागतो. बिघडलं म्हणून दुकानात पळू नका.

एक गोष्ट अजिबात करायची नाही: डीकोडर नसलेलं जुनं इंजिन डिजिटल रुळावर ठेवायचं नाही. उभ्या जागी मोटर गुणगुणते आणि तापते.

अँपिअरचा हिशेब

व्होल्ट सगळे बघतात, अँपिअर कुणी बघत नाही. दोन धुरांचं छोटं इंजिन एक अँपिअरच्या आत भागवतं. दोन मोटरींचं मोठं इंजिन, धूर करणारी नळी, दिवे लावलेले चार डबे असं सगळं धरलं की तीन अँपिअर सहज होतात, चढावर त्याहूनही जास्त. लहान गाड्यांचा जुना ट्रान्सफॉर्मर एवढं देऊच शकत नाही. माझ्या पहिल्या दिवशी तेच झालं. साध्या डीसीसाठी निदान तीन-पाच अँपिअरचा नियंत्रक घ्या. डिजिटलमध्ये सगळ्या गाड्यांचा आकडा एकत्र करा. मासोट या जर्मन कंपनीच्या केंद्रांच्या नावातच आकडा असतो: ८००झेड आठ अँपिअरचं, १२००झेड बाराचं. सुरुवातीला एवढं लागत नाही, पण अडीच-तीन अँपिअरचं केंद्र बागेत लवकरच तोकडं पडतं.

जुन्या बाजारात एलजीबीची पहिल्या पिढीतली डिजिटल केंद्रं स्वस्तात दिसतात. त्यांना १४ च वेगपायऱ्या आणि मोजकेच पत्ते कळतात, आणि नव्या डीकोडरच्या निम्म्या करामती त्यांच्या डोक्यावरून जातात. स्वस्त असली तरी नवख्याने लांब राहावं.

बॅटरीचा हिशेब असा: चार लिथियम सेल एकापाठोपाठ जोडले की १४.८ व्होल्ट, भरल्यावर १६.८. बागेत गाडी रुबाबात चालावी इतपत हे पुरतं, राजधानीच्या वेगाने पळवायची असेल तर नाही. तीन अँपिअर-तासांचा संच एक अँपिअर खाणाऱ्या इंजिनाला अडीच तासांच्या आसपास पळवतो. सेलसोबत संरक्षण करणारी पट्टी असलेला तयार संचच घ्या, सुटे सेल डागू नका. चार्ज करायचा तो घरात, डोळ्यांसमोर. आणि थंडीत बाहेरून आणलेली गार बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, शून्याखाली लिथियम सेल चार्ज केला की कायमचा खराब होतो. रेडिओ घेताना २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. अमेरिकेतून मित्राकरवी ९०० मेगाहर्ट्झचा आणवलात तर तो पट्टा युरोपात खुला नाही.

आणि ही ओळ दोनदा वाचा: भिंतीतली २३० व्होल्टची वीज बागेत न्यायची नाही. ट्रान्सफॉर्मर घरात किंवा तळघरात, बाहेर यायची ती फक्त कमी व्होल्टची तार. पावसाळी रात्री लांब एक्स्टेंशन बोर्ड गवतात ठेवून गाडी चालवणारे लोक मी पाहिलेत.

आता इंजिन

इथवर आलात की यादी आपोआप लहान होते. वळण ठरलं, म्हणून लांबी ठरली. वीज ठरली, म्हणून आत काय हवं ते ठरलं. आता उरतो तो आनंद.

पहिलं इंजिन दोन किंवा तीन धुरांचं, आखूड, वजनदार घ्या. एलजीबीचं 'श्टाइन्झ' हे याचं जुनं उदाहरण, या ब्रँडच्या अगदी सुरुवातीपासूनचं. खरं इंजिन ऑस्ट्रियातलं, क्राउस कंपनीने लिंझमध्ये १८९२ साली बांधलेलं. मुळात ७६० मिलिमीटर गेजचं, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या बरोबरीचं. मॉडेलला चार चाकं आणि त्यांच्यामध्ये रुळावर घासणारे दोन धातूचे बूट असतात. हे बूट सोन्यासारखे आहेत: चाक मळलं तरी वीज मिळत राहते, सांध्यावर इंजिन अडत नाही. इतकी विकली गेलीत की सुटे भाग आजही मिळतात आणि जुनं इंजिन परवडतं. नवी मोठी इंजिनं हजार युरोच्या घरात जातात, त्याच्या वरही. छोट्या डिझेलचंही चालेल. झोनेबर्गच्या पिको कंपनीकडे आणि एलजीबीकडे दोन धुरांची शंटिंगची इंजिनं आहेत. रूपापेक्षा दोन प्रश्न विचारा: किती चाकांतून वीज घेतं? सुटे भाग मिळतात का?

जुनं घेणार असाल तर खिशात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन तारा घेऊन जा. इंजिन उलटं धरा, दोन्ही बाजूंच्या चाकांना तारा लावा. साधं डीसी इंजिन असेल तर चाकं सावकाश फिरतील. आता तारा उलट करा आणि कान देऊन ऐका. दर फेरीला एकदा 'टिक' ऐकू आलं तर आतलं दातेरी चाक फुटलेलं असतं. चाकांवरचा चकचकीत मुलामा उडून पिवळं पितळ दिसत असेल तर ते इंजिन फार धावलंय, भाव पाडा. एका चाकाला रबराची पट्टी असते, पकड यावी म्हणून. ती कडक झाली असेल तर काही फार बिघडत नाही, बदलता येते. बॅटरीची पेटी असेल तर उघडून बघा, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सेल विसरलेला असतो.

आणि कृपा करून इंजिन टेबलावर हाताने ढकलून बघू नका. आत वर्म गिअर असतो. चाकांकडून तो फिरत नाही, जोर लावला तर दाते जातात. हे करणारा गिऱ्हाईक दिसला की ते थर्मासवाले आजोबा जागचे उठतात.

पुढे डीकोडर किंवा बॅटरी बसवायची असेल तर मोटरपेटीतून किती तारा येतात ते विचारा. एलजीबीच्या नंतरच्या इंजिनांत चार असतात: तपकिरी आणि पांढरी रुळांकडून वीज आणतात, हिरवी आणि पिवळी मोटरला देतात. ज्या जुन्यात चारपेक्षा कमी तारा आहेत तिथे मोटर आणि रूळ आतूनच जोडलेले असतात. ते आधी वेगळे करावे लागतात, नाहीतर डीकोडर पहिल्याच क्षणी धूर सोडतो, आणि तो धूर नळीतला नसतो. पहिल्यांदा हे काम दुकानात करून घ्या. मी केलं नाही. एक डीकोडर गेला.

पहिला रविवार

गवतावर रूळ टाकू नका. धाग्याएवढं गवत धुरेला गुंडाळतं आणि काढायला चिमटा घेऊन बसावं लागतं. फरशीवर किंवा फळीवर साधं वर्तुळ मांडा. नुसतं इंजिन मध्यम वेगाने अर्धा तास एका दिशेने, मग अर्धा तास दुसऱ्या दिशेने फिरवा. मग एकेक डबा लावा.

डिजिटल असेल तर पत्ता द्यायचा. नव्या इंजिनाचा पत्ता बहुधा ३ असतो. तो डीकोडरच्या स्मृतीतल्या ज्या खणात लिहिलेला असतो त्याला सीव्ही-१ म्हणतात. पत्ता बदलताना रुळावर एकच इंजिन ठेवा. मी तीन ठेवली होती. तिघांनी आज्ञाधारकपणे सात हाच पत्ता घेतला आणि नंतर शिट्टी वाजवली की तिघंही कोरसमध्ये वाजवायची. फार घोळ झाला तर बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही-८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळपदावर येतं.

रुळांचे जोड हा बागेतला कायमचा शत्रू. पितळी रूळ जाड असतो, त्यातून वीज आरामात जाते. अडते ती जोडांवर. म्हणून कायमची मांडणी करताना स्क्रूने आवळायच्या पितळी पकडी लावा आणि लांब वर्तुळाला दोन-तीन ठिकाणी तार द्या. ऊन-थंडीची जागाही सोडा: १० मीटर पितळी रूळ ४० अंशांच्या फरकात साडेसात मिलिमीटरने लांबतो. दोन्ही टोकं घट्ट बांधलीत तर जुलैत तो सापासारखा वळतो. रूळ घासायला स्टील वूल वापरू नका. त्याचे कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द. जर्मन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचाच असतो, तो तिथे चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकन १२० व्होल्टचा चालत नाही. दुकान जवळ नाही, म्हणून जास्तीचे मोटर-ब्रश, रबरी पट्ट्या आणि एक जोडी बूट पहिल्या पार्सलमध्येच मागवा, आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा. मे महिन्यात गच्चीवर प्लॅस्टिकचे डबे उन्हात सोडू नका. पेशवे पार्कातली फुलराणी बघून मोठे झालेले आपण, आपल्याला गच्चीवरचं एक वर्तुळही पुरतं.

ते शोकेसमधलं डिझेल आता चालतं. दीड मीटर त्रिज्येचं वळण घालून झालं तेव्हा त्याच्या पोटात बॅटरी बसवली. दोन मोटरी आहेत, चढावर चार अँपिअर ओढतं, म्हणून रिसीव्हर निदान सहा अँपिअर झेपणारा घ्यावा लागला. तुमचंही इंजिन दोन मोटरींचं असेल तर रिसीव्हरच्या खोक्यावर हा आकडा आधी वाचा.